बाळ सायखेड्याला, मी वॉर्डात

माझ्या मुलीचे तेराव्या दिवसापासूनचे पुढचे पाच आठवडे मी पाहिलेले नाहीत. त्या पाच आठवड्यांत तिचे गाल भरले, जावळ विरळ झालं, आवाजाच्या दिशेने ती मान वळवायला लागली. हे सगळं मला लोकांनी सांगितलेलं आहे. ती तेव्हा सायखेड्याला माझ्या सासूबाईंजवळ होती आणि मी नाशिकमध्ये एका इस्पितळाच्या मानसोपचार वॉर्डात, कुलूप लावलेल्या दाराच्या आत.

आता ती दीड वर्षाची आहे आणि मी पुन्हा कॉलेजच्या ऑफिसात कामावर जाते. मागच्या महिन्यात ऑफिसातले एक सहकारी जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी घुटमळले. म्हणाले, "मॅडम, बहीण बाळंत झालीय. झोपतच नाही, बाळाला कोणाला हात लावू देत नाही, काहीबाही बोलते. तुम्हाला बाळंतपणात कावीळ झाली होती ना, तेव्हाचे कोणी चांगले डॉक्टर माहीत आहेत का?"

कावीळ हे मीच सगळ्यांना सांगितलं होतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा खरं सांगितलं. त्यांच्या बहिणीला त्याच संध्याकाळी डॉक्टरकडे नेलं. घरी येऊन मी हे लिहायला बसले.

*

माझी आई माझ्या लग्नानंतर वर्षभरात गेली. त्यामुळे बाळंतपणाला आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सायखेड्याहून इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटवर आल्या. मेथी-कोथिंबिरीचे वाफे दिराच्या भरवशावर टाकून आल्या होत्या. पहाटे उठून माझं अंग चोळायच्या, बाळाला पायांवर घेऊन आंघोळ घालायच्या, मला शेपूची भाजी आणि बाजरीची भाकरी करून वाढायच्या. फार बोलायच्या नाहीत.

पाचव्या दिवसापासून माझी झोप गेली. त्रास काहीच वाटत नव्हता, उलट अंगात कधी नव्हता एवढा जोर आला होता. मी स्वयंपाकघरातले डबे काढून पुसले, पडदे धुतले, एका वहीत बाळाने किती वेळा डोळे मिचकावले ते लिहून ठेवायला लागले. राहुल, माझा नवरा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. तो आधी कौतुकाने म्हणाला, "अगं, जरा पड." मग काळजीने म्हणायला लागला.

नवव्या दिवशी बाळाच्या उजव्या कानाची पाळी मला वेगळी दिसली. हे आपलं बाळ नाही, हे माझ्या मनात एकदा बसलं ते बसलंच. दुसऱ्या दिवशी डिंकाच्या लाडवाला औषधाचा वास येतोय असं वाटून मी ताटली भिरकावून दिली. आत्याबाईंनी लाडू गोळा केले. आत जाऊन राहुलला म्हणाल्या, ते मला स्पष्ट ऐकू आलं, "हिच्याकडं पोरगी नको देऊ. हिचं काय खरं नाय."

मला ते वाक्य कटाचा पुरावा वाटलं. आज वाटतं, घरात आजार ओळखणारं पहिलं माणूस त्याच होत्या.

*

तेराव्या दिवशी राहुल म्हणाला, टाके दाखवायला जायचंय. टाके दोन दिवसांपूर्वीच दाखवून झाले होते, म्हणजे तो खोटं बोलत होता. मी बाळाला छातीशी धरूनच रिक्षात बसले. आत्याबाईही बरोबर आल्या.

इस्पितळात मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंनी तीन-चार प्रश्न विचारले. झोप किती होते, कसले आवाज येतात का, बाळाबद्दल काय वाटतं. मी सांगितलं, "हे बाळ माझं नाही. पण माझं परत मिळेपर्यंत हे मी सोडणार नाही." हे बोलणं तेव्हा मला अगदी सरळ आणि शहाणपणाचं वाटलं होतं.

डॉक्टरबाई राहुलशी हळू आवाजात बोलायला लागल्या तशी मी उठून कोपऱ्यात गेले. बाळाला इतकं आवळलं की ते कळवळून रडायला लागलं. राहुल पुढे आला, मी ओरडले. आत्याबाई पुढे आल्या, मी टेबलावरचा स्टीलचा ट्रे उचलून फेकला. तो त्यांच्या खांद्याला लागला. दारात वॉचमन आणि दोन वॉर्डबॉय येऊन उभे राहिले. त्यांना बघून मी भिंतीला आणखी चिकटले.

तेवढ्यात एक सिस्टर आत आल्या. चाळिशीच्या, ठेंगण्या, चष्मा लावलेल्या. त्यांनी वॉर्डबॉयना दारामागे थांबायला सांगितलं, राहुल आणि आत्याबाईंना बाहेर बसवलं, आणि माझ्यापासून तीन-चार हातांवर चक्क फरशीवर मांडी घालून बसल्या.

"मी गांगुर्डे सिस्टर. मी जवळ येत नाही, इथेच बसते."

"बाळाला हात लावायचा नाही," मी म्हटलं.

"नाही लावत. पण ते घामाघूम झालंय. जरा सैल धरलंत तर वारा लागेल त्याला."

मी सैल धरलं. बाळाचं रडणं उतरलं.

"तुम्ही पण बसता का? ओली बाळंतीण तुम्ही, किती वेळ उभ्या राहणार?"

बाळंतीण हा शब्द ऐकून मला रडूच आलं. दोन-तीन दिवस घरात सगळे माझ्याकडे नुसते बघत होते. मी भिंतीला टेकून खाली बसले. सिस्टर मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला झोपेची फार गरज आहे, त्यासाठी इथे राहावं लागेल. तोवर बाळाला कोणाकडे द्यायचं, ते तुम्ही सांगा. राहुलकडे, आजीकडे, की माझ्याकडे?"

ती दोघं कटात होती. मी म्हटलं, "तुमच्याकडे."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि तसेच ठेवले. मी बाळ त्या हातांवर ठेवेपर्यंत त्या हलल्या नाहीत. त्या उठल्या तेव्हा दुपट्यातून बाळाची एक टाच बाहेर आली होती, लालसर, बोराएवढी. पुढचे कित्येक दिवस डोळे मिटले की मला तीच टाच दिसायची. चेहरा आठवायचा प्रयत्न केला तर आठवत नसे.

*

राहुलला डॉक्टरांनी सांगितलं की बाळंतपणानंतर क्वचित एखादीला असा आजार होतो, लवकर उपचार झाले तर ती बरी होते, आणि तोवर बाळाला तिच्यापाशी एकटं ठेवणं धोक्याचं असतं. त्याने ते कागदावर लिहून घेतलं होतं. तो कागद मी नंतर पाहिला. अक्षर एवढं वेडंवाकडं होतं की ते त्याचं वाटत नव्हतं.

वॉर्डातले दिवस सगळे एकसारखे. सकाळी चहा, मग गोळ्या. गोळी गिळली की तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची. ओढणी, बांगड्या, गळ्यातलं, सगळं काढून राहुलकडे दिलेलं. जेवण प्लॅस्टिकच्या ताटात. आंघोळीला दाराला आतून कडी नाही, बाहेर एक मावशी उभी. दुपारी खिडकीच्या जाळीतून ऊन फरशीवर पडायचं आणि सरकत पलीकडच्या पलंगाखाली जायचं. मी ते बघत बसायचे. बघायला दुसरं काही नव्हतं.

दुधाचं मात्र कोणी आधी सांगितलं नव्हतं. माझ्या औषधांमुळे बाळाला दूध देता येणार नव्हतं, आणि शरीराला ते माहीत नव्हतं. दर दोन-तीन तासांनी छाती दगडासारखी व्हायची, गाऊन ओला व्हायचा. एक मावशी गाऊन बदलताना म्हणाली, "लेकराचं दूध असं वाया घालवतीस, कसली आई तू?" तिला बहुतेक काही वाटलंही नसेल. मला ते अजून आठवतं. गांगुर्डे सिस्टरांनी दूध थांबवायचं औषध डॉक्टरांकडून लिहून घेतलं, थंड पाण्याच्या घड्या आणून दिल्या आणि पडदा ओढून माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "दोन-चार दिवस फार दुखेल. मग कमी होईल." बरं वाटेल असं त्या म्हणाल्या नाहीत.

*

वॉर्डातल्या चौथ्या दिवशीची गोष्ट सांगायला मला लाज वाटते. पण ती गाळली तर बाकीच्या लिहिण्याला अर्थ नाही.

प्रसूतीचा विभाग बाजूच्याच इमारतीत होता. दुपारी चारच्या सुमाराला तिकडून तान्ह्या मुलाचं रडणं आलं. माझं दूध वाहायला लागलं, आणि मला खात्री पटली की ते माझं खरं बाळ आहे, त्याला तिथे लपवून ठेवलंय. मी दाराकडे धावले. औषधांची ट्रॉली आडवी आली ती ढकलून दिली. सिस्टर दाराशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सुजाताताई, थांबा. ते बाळ दुसऱ्या बाईचं आहे. तुमचं बाळ आजीजवळ आहे." मी त्यांचा हात धरला आणि मनगटाच्या वर कडकडून चावले. रक्त आलं.

मग चौघांनी मला धरलं. पलंगावर निजवून दोन्ही मनगटांना मऊ कापडी पट्टे बांधले, इंजेक्शन दिलं. बांधल्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मला आठवतं ते त्यानंतरचं. सिस्टर हाताला पट्टी बांधून परत आल्या आणि माझ्या पलंगाशी स्टूल घेऊन बसल्या. थोड्या थोड्या वेळाने म्हणायच्या, "आता उजवा पट्टा सैल करून बोटं बघते. हात लावू का?" बोटं गार आहेत का बघायच्या, पाणी पाजायच्या. मी शिव्या दिल्या तरी त्यांचा आवाज चढला नाही. एकदा मी विचारलं, "मला का बांधलंय?"

"तुमच्या हातून कोणाला इजा होऊ नये म्हणून. तुम्हाला पण. शिक्षा नाहीये ही. तुम्ही शांत झालात की मी स्वतः सोडते."

साधारण दोन तासांनी त्यांनी एक हात सोडला, थोड्या वेळाने दुसरा. मनगटं चोळून दिली. बांधलं जाणं मी विसरलेले नाही. पण तेव्हा मी एकटी नव्हते, हेही विसरलेले नाही.

*

राहुल रोज शाळा सुटल्यावर यायचा. मोबाईलवर बाळाचा व्हिडिओ दाखवायचा आणि मी तोंड फिरवायचे. ते बाळ दुसरं आहे हे मला माहीत होतं, मग याला का कळत नाही? तो पंधरा मिनिटं बसून निघून जायचा.

एकदा सिस्टरांनी त्याला सुचवलं म्हणून त्याने बाळाने दिवसभर वापरलेलं, न धुतलेलं एक दुपटं आणलं. मी ते नाकाशी धरलं. वेखंड, आंबूस दूध आणि शेकाच्या धुराचा वास. डोकं अजून म्हणत होतं की बाळ बदललंय. पण त्या दुपट्याला मी नको म्हटलं नाही. उशीखाली ठेवलं. त्या दिवसापासून मला बाळ हवंसं वाटायला लागलं. कुठलं खरं, कुठलं खोटं हा प्रश्न मागे पडला आणि नुसतं हवंसं वाटणं उरलं. सायखेडा आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. मनातल्या मनात मी रोज तो रस्ता जायचे. गोदावरीचा पूल ओलांडायचा, डावीकडे वळायचं, पत्र्याची पडवी, पडवीत झोळी. झोळीपर्यंत पोचले की पुढचं दिसायचं नाही.

तो समज एका दिवसात गेला नाही. ताप उतरावा तसा उतरत गेला. तिसऱ्या आठवड्यात राहुलने व्हिडिओ लावला. बाळ जांभई देत होतं आणि उजव्या कानाची पाळी दिसत होती. मी म्हटलं, "हिचा कान माझ्या आईसारखा आहे."

राहुल मोबाईल माझ्या हातात ठेवून खिडकीशी जाऊन उभा राहिला. खूप वेळ पाठमोराच होता.

मी विचारलं, "नाव काय ठेवलं?"

"ठेवलं नाही. आई म्हणते, नाव ठेवायला तिची आई येईल."

*

भ्रम गेला आणि मग खरं दुखायला लागलं. काय काय केलं ते आठवायला लागलं. मी सिस्टरांना म्हटलं, "तुमचा हात दाखवा." मनगटाच्या वर दातांची अर्धगोल खूण होती, काळपट पडलेली.

"मला माफ करा. फार दुखलं का?"

मला वाटलं, त्या म्हणतील काही नाही. त्या म्हणाल्या, "दुखलं. राग पण आला होता. घरी दोन दिवस लांब बाह्यांचा ब्लाऊज घातला, मुलीला दिसू नये म्हणून. ती आधीच म्हणते, नोकरी सोड."

"मग परत माझ्याजवळ कशा बसलात?"

त्या माझ्या पलंगावरची चादर नीट करत होत्या. म्हणाल्या, "राग आला म्हणून पाच मिनिटं बाहेर जाऊन उभी राहिले. पाणी प्यायले. मग आले. आजारी माणसाला आपला राग दाखवून काय उपयोग? नंतर आमच्या मोठ्या सिस्टरांशी बोलले, रडले थोडी." मग म्हणाल्या, "देवळ्याला माझी चुलत बहीण अशीच होती, बाळंतपणानंतर. तिला कोणी दवाखान्यात आणलंच नाही."

तिचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

*

पहिली भेट वॉर्डाच्या बाहेरच्या खोलीत झाली. सिस्टर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या. आत्याबाई बाळाला टोपडं घालून घेऊन आल्या. मला ट्रे आठवला आणि त्यांच्या खांद्याकडे बघवेना. मी पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. टाक्यांवर ताण येईल."

बाळ माझ्या हातात दिलं. पाच आठवड्यांत ते एवढं जड झालं होतं की हातांना अनोळखी वाटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, ओठ काढले आणि रडायला लागलं. मी झुलवलं, थोपटलं, गुणगुणले. थांबेना. शेवटी मीच ते आत्याबाईंकडे दिलं आणि लगेच गप्प झालं.

त्यांना माझं मन राखायचं सुचलं नसावं. बाळाच्या गालाला बोट लावून कौतुकाने म्हणाल्या, "परवापास्नं हसाया लागली हाय. लय गोड हसती."

म्हणजे तेही झालं होतं. मी हसून मान हलवली आणि वॉर्डात येऊन उशीत तोंड खुपसून रडले. सिस्टरांनी रडू दिलं. नंतर एवढंच म्हणाल्या, "रडतंय बघून तुम्ही स्वतःहून आजीकडे दिलंत. मी ते लिहून ठेवलंय डॉक्टरांसाठी."

*

घरी आले तेव्हा बाळाबरोबर एकटीने राहायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद होती. आत्याबाई पुन्हा इंदिरानगरला आल्या. कांदा चिरायला गेले तर सुरी जागेवर नव्हती. कात्री नव्हती, विळीही नव्हती. मी राहुलला विचारलं. त्याने कपाटाच्या वरच्या फळीवरून सुरी काढून दिली आणि मी कांदा चिरेपर्यंत ओट्याशी उभा राहिला.

"तुला माझी भीती वाटते?" मी विचारलं.

"वाटत होती," तो म्हणाला. "आता सवयीने उभा राहतो. दे जरा वेळ."

मला त्याचा राग आला, आणि तो खरं बोलला याचं बरंही वाटलं. पुढच्या रविवारी घरच्या घरी बुद्धवंदना घेऊन नाव ठेवलं. मैत्री. नाव मी सुचवलं, कानात मी सांगितलं. मैत्री आत्याबाईंच्या मांडीवर होती आणि मी वाकले होते.

कोणाच्या घरी असं काही घडत असेल तर एवढंच सांगते. चार-चार दिवस न झोपणाऱ्या बाळंतिणीचं कौतुक करू नका, तिला डॉक्टरकडे न्या. तिच्याशी वाद घालू नका. ती बांधलेली असो की मोकळी, तिच्या जवळ कोणी बसा. आणि तिला बाळ परत द्या, थोडं थोडं, कोणीतरी सोबत असताना. मला ते तसं मिळालं. आधी मी दुपटं बदलायचे, मग बाटली द्यायचे, मग आंघोळ. घरी आल्यानंतरच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात एका दुपारी आत्याबाई भाजी आणायला खाली गेल्या. मला सांगून गेल्या आणि चांगला अर्धा तास आल्या नाहीत. त्या कुठे थांबल्या होत्या ते मी आजवर विचारलेलं नाही.

*

डॉक्टरांनी आता हरकत नाही म्हटल्यावर आत्याबाई सायखेड्याला निघाल्या. मैत्री तेव्हा चार महिन्यांची होती. आम्ही निमाणीला बसमध्ये बसवायला गेलो. त्या खिडकीपाशी बसल्या आणि मैत्रीला मांडीवर घेतलं. सुटायची वेळ झाली तरी देईनात. कधी न बोलणारी बाई तेव्हा भडाभडा बोलायला लागली. "उजव्या कुशीला लवकर झोपती. डोक्याला तेल लावलं की शिंकती, घाबरू नको. ढेकर काढल्याबिगर आडवी करू नको." हे सगळं मला माहीत होतं. मी प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेले. कंडक्टरने घंटी दिली तेव्हा त्यांनी तिला खिडकीतून माझ्याकडे दिलं आणि तोंड पलीकडे वळवलं.

पाच आठवडे मला जे झालं होतं, ते आता या बाईला होणार होतं. तिने ते कोणाला सांगितलंही नसतं.

घरी येईपर्यंत मैत्रीला कळलं. आजीची खोली, आजीची खुर्ची, सगळीकडे मान वळवून बघितलं आणि रडायला लागली. राहुल तसाच शाळेत गेला होता. घरात आम्ही दोघीच. बाटली घेईना, खांद्यावर राहीना. तेवढ्यात फोन वाजला. बस अजून वाटेतल्या ओढा गावापर्यंतही पोचली नसेल.

"रडती का?" आत्याबाईंनी विचारलं.

मैत्रीचा आवाज त्यांना फोनवर ऐकूच येत होता. मी खरं सांगितलं. "रडतेय. तुम्हाला शोधतेय."

 बसचा खडखडाट ऐकू येत राहिला. मला वाटलं, त्या आता उतरतील, परत येतील.

"रडू दे जरा," त्या म्हणाल्या. "तू हायेस ना तिच्यापाशी."

"आहे," मी म्हटलं.

त्यांनी फोन ठेवला.